कवठबेटावरची शिकवणी

१

कवठबेटावरून काठाकडे जाणारी पहिली होडी सकाळी साडेसातला सुटते. दुधाच्या किटल्या, वांग्यांच्या करंड्या आणि शाळेत जाणाऱ्या मुली, एवढा तिचा प्रपंच. पलीकडच्या काठावर चिंचेखाली रिक्षा उभ्या असतात; तेथून सोलापूर पाऊण तासाच्या अंतरावर. बेट म्हणजे धरणाच्या पाण्यात बुडायचा राहिलेला टेकडीचा माथा. त्यावर बेचाळीस घरे, कवठांची नऊ झाडे आणि चारही दिशांना पाणी. हिवाळ्यात त्या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात आणि रविवारी ते पाहायला शहरातून माणसे येतात. ‘किती सुंदर!’ असे म्हणून ती संध्याकाळी परत जातात. आम्ही राहायला आलो होतो.

दर पंधरवड्याला गोदावरीला तपासणीसाठी शहरात न्यावे लागे. त्यासाठी आम्ही दहाची होडी धरीत असू, कारण तिला गर्दी नसते. बहुधा आम्ही दोघे आणि वल्हवणारा कासीम, एवढेच.

कासीमची होडी लोखंडी पत्र्याची आणि अरुंद आहे. उतारूंनी बसायची फळी एकाच बाजूला, डावीकडे. उजवीकडे जाळी आणि डबे. म्हणून प्रत्येक उतारूमागे एक, याप्रमाणे तो वाळूने अर्धे भरलेले पोते मधून उजवीकडे ओढतो. माणूस उतरला की पोते पुन्हा मध्ये. हे काम त्याच्या अंगवळणी इतके पडले आहे की बोलणे न थांबवता हात चालतात.

आम्ही बेटावर प्रथम आलो, त्या दिवशी त्याने दोन पोती ओढली होती. त्यानंतरच्या दोन फेऱ्यांनाही दोनच. मार्गशीर्षातल्या फेरीला मात्र त्याने तीन ओढली.

मी मागे वळून पाहिले. आमच्यामागून कोणी चढले नव्हते.

“कासीम, एक पोते अधिक झाले.”

“बरोबर हाय, गुरुजी. तुमी धरून बसा.”

होडी निघाली. तिच्या तळाशी नेहमीप्रमाणे बोटभर पाणी झिरपले होते. उजवीकडे भार अधिक असता, तर ते पाणी उजवीकडे धावले असते. मी काठ येईपर्यंत त्याच्याकडे पाहत होतो. ताटात ओतल्यासारखे ते सपाट उभे होते.

२

गोदावरीला पक्षाघात होऊन आठ महिने झाले होते. पाय सावरले, उजवा हात थोडासा परतला. वाचा मात्र गेली ती गेलीच. छत्तीस वर्षांच्या संसारात माझे एकही वाक्य तिने मला एकट्याला पूर्ण करू दिले नव्हते. संस्कृत शिकवण्यात जन्म गेल्यामुळे मी शब्द निवडीत बसे, तोवर ती तीन शब्द पुढे टाकून मोकळी होई. आता मी वाक्य आरंभी आणि ते हवेत लोंबकळत राही. जुळे सोलापुरातल्या सदनिकेत ती शांतता चौथ्या मजल्यावरच्या टाकीसारखी आमच्या डोक्यावर भरून असे.

शांत जागी न्या, असे डॉक्टरांनी सांगितले. बजाबाईंचे घर भाड्याने मिळाले. बजाबाई शेजारीच राहतात. वय सत्तरीचे, आवाज चाळिशीचा. घराला तीन खोल्या. मागची खोली पश्चिमेला, थेट पाण्यावर; तिला एक दार पुढच्या खोलीत, एक बाजूच्या अंगणात. तिच्यात एक खाट, एक आरामखुर्ची आणि खिडकीशी एक बुटका बाक. दुपारी तीननंतर उन्हाची तिरीप पाण्यावरून उसळून त्या खोलीच्या भिंतीवर पडते आणि भिंतभर उजेडाच्या लाटा हलू लागतात. गोदावरी त्या वेळी आरामखुर्चीत बसे. मी पुढच्या खोलीत वाचीत असे. असे ठरून गेले होते.

त्या मार्गशीर्षात बजाबाई कुंपणावरून भाजीची वाटी देताना म्हणाल्या, “वाईच जास्त घातलंय. दोघींना पुरंल.”

“आम्ही दोघे आहोत, बजाबाई.”

“तुमी हायसाच की. तुमचं येगळं काडलंय.” आणि त्यांनी दुसरी वाटी पुढे केली.

मी दोन्ही वाट्या घेऊन आत आलो. वृद्ध बाईच्या बोलण्यात काही अर्थ शोधू नये, असे मी स्वतःला बजावले. तरी मागच्या खोलीचे दार मी उगीचच पूर्ण उघडून पाहिले. गोदावरी खुर्चीत होती. समोरचा बाक रिकामा होता. माझ्या मते तो सकाळी खिडकीशी होता; आता तो खुर्चीच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ होता.

३

आवाज प्रथम ऐकला, तो एका मंगळवारी.

शिक्षकाच्या कानाला एक लय जन्मभर पुरते. शिकवणारा एक शब्द म्हणतो, शिकणारा तो परत म्हणतो. अर्थ कळला नाही तरी भिंतीपलीकडून ही लय ओळखू येते. मागच्या खोलीतून मला ती ऐकू येत होती, पण अर्धीच. आधी शांतता, एका शब्दाला पुरेल एवढी. मग गोदावरीचा घोगरा, अडखळता आवाज: “दा... र.” पुन्हा तेवढीच शांतता. “दार.” मग किंचित लांब शांतता, जणू शब्द मोठा होता. “उं... ब... रा.”

आठ महिन्यांनंतर मी तो आवाज ऐकत होतो. मी धावत जायला हवे होते. माझ्याने उठवले नाही, कारण त्या शांतता मोजक्या होत्या. आपल्याशीच पुटपुटणाऱ्या माणसाचे थांबणे ओबडधोबड असते. कधी छोटे, कधी विनाकारण लांब. येथे प्रत्येक थांबण्याला पुढच्या शब्दाचे माप होते. लांब शब्दाआधी लांब, तोकड्या शब्दाआधी तोकडे. चुकला शब्द पुन्हा यायचा, तर आधीची शांतताही पुन्हा यायची, तशीच, धीराने.

साडेचारला उजेड भिंतीवरून उतरला आणि आवाज थांबला. मी आत गेलो. गोदावरीने माझ्याकडे पाहून मान हलवली. मी म्हटले, “काय म्हणत होतीस?” तिने ओठ हलवले. काहीच आले नाही.

मी कारणे मांडली. मेंदूच्या दुखापतीनंतर शब्द असे तुकड्यांनी परत येतात. पाण्याकाठी आवाज फसवे असतात. मी थकलो आहे. तिन्ही कारणे उत्तम होती. पुढच्या आठवड्यात तिची छोटी वाक्ये होऊ लागली, तेव्हा मात्र ती तिन्ही अपुरी पडली. “हितं ठेव. तितं न्हाय. लई ऊन हाय.” गोदावरी पंढरपूरच्या पुजाऱ्यांच्या घरातली. तिच्या तोंडून असे बोलणे मी छत्तीस वर्षांत थट्टेतही ऐकले नव्हते. आवाज तिचा होता. त्यातले बोलणे दुसरीकडून आले होते.

मला आनंद होत होता आणि त्या आनंदाच्या पाठीवर थंड हात होता. दोन्ही एकाच वेळी खरे होते.

४

पुढच्या फेरीलाही पोती तीन. या वेळी मी शहराच्या काठावर उतरल्यावर गोदावरीला रिक्षात बसवले आणि परत कासीमकडे आलो. तो पोती मधोमध ओढीत होता, तिन्ही.

“कासीम, मला खरे सांग. तिसरे पोते कोणासाठी?”

त्याने कपाळाचा घाम पुसला. “गुरुजी, मी होडी चालवतो. होडी डावीकडं कलती, तर मी उजवीकडं वजन घालतो. कोन बसलंय ते होडी मला सांगत न्हाय, आन मी इचारत न्हाय.”

“पण फळीवर आम्ही दोघेच असतो, हे तुला दिसते ना?”

“दिसतं की. डोळं हायेत मला.” तो हसला, मग हसणे आवरून म्हणाला, “बाईंना चढताना हात लागतो. आताशा त्या माझा हात धरत न्हाईत, बगितलंय का तुमी? तरी तोल जात न्हाय त्यांचा.”

मी ते पाहिले होते. पाहून दृष्टीआड केले होते.

“आणि शहरात? तेथेही बरोबर असते?”

“न्हाय. हितंच थांबती, चिंचेखाली. तुमी परत येस्तोवर.” त्याने वल्हे उचलले. “घाबरू नगा. बाई आता वळून बगत्यात, हासत्यात. पयल्या दिशी तुमी आणलं तवा पोत्यावानी बसल्या होत्या बिचाऱ्या.”

शहरातल्या दवाखान्यात गोदावरीसमोर चित्रांचे पत्ते मांडले गेले. घर, गाय, घागर. तिने एकही शब्द उच्चारला नाही. तपासणाऱ्या बाईंनी सहानुभूतीने मान हलवली आणि कागदावर मागच्या वेळचेच वाक्य पुन्हा लिहिले. परतताना चिंचेखाली मी मुद्दाम पाहिले. सावली होती, रिक्षावाले होते. गोदावरी मात्र सावलीच्या एका कडेकडे पाहून, शाळा सुटल्यावर आईला शोधून काढलेल्या मुलीसारखी हसली.

५

आमची मुलगी देवयानी जुळे सोलापुरातच राहते. विमा कचेरीत आहे. माघातल्या एका रविवारी ती बेटावर आली. दुपारी तीनला मी तिला दाराशी उभे केले. आतून आवाज आला: “पानी दे... मला. मला पानी दे.”

देवयानीच्या डोळ्यांत पाणी आले, ते आनंदाचे. मग शांतता आली. मग पुन्हा वाक्य. मग शांतता. तिसऱ्या शांततेला तिने माझे मनगट धरले.

“बाबा, आत कोण आहे?”

“कोणी नाही.”

“मग ती थांबते कोणासाठी?” देवयानी पुढच्या खोलीत येऊन खुर्चीत बसली. “आवाज आईचा आहे. बोलतंय कोण? बाबा, तुम्ही एवढे तर्कशास्त्र घोकलेले, आणि इथे दार लावून बसता?”

“ती बोलते आहे, देवयानी.”

“माझ्याशी बोलली का? तुमच्याशी?” ती उठली. “पुढच्या रविवारी मी गाडी घेऊन येते. पलीकडे उभी करते. सामान बांधून ठेवा. मला आई हवीय, बाबा. भिंतीआडून ऐकू येणारी नको.”

तिचे चुकले नव्हते. होडीत एकट्या देवयानीसाठी कासीमने एक पोते ओढले आणि ती गेली.

सोमवारी मी ते केले, जे मी जन्मभर करीत आलो. वर्ग दुसऱ्या कोणाच्या हाती असला आणि निकाल दिसू लागला, की तो वर्ग आपल्याकडे घ्यावा, असे प्रत्येक मास्तराला वाटते. तीनला दहा मिनिटे कमी असताना मी चित्रांचे पत्ते घेऊन मागच्या खोलीत गेलो आणि गोदावरीसमोरच्या बाकावर बसलो.

फळी उबदार होती. उन्हाने असेल, असे मी म्हटले. ऊन अजून खोलीत आले नव्हते.

“म्हण,” मी म्हणालो, “पाणी.”

तिने माझ्याकडे पाहिले. वर्गात भलतेच कोणी शिरल्यावर मुली पाहतात, तसे. मग तिची दृष्टी माझ्या खांद्यावरून दाराकडे सरकली, आणि दाराबाहेर कोणी जात असावे तशी हळूहळू अंगणापर्यंत गेली. मी वळलो नाही. वळायचे धैर्य नव्हते.

“पाणी,” मी पुन्हा म्हणालो. साडेचारपर्यंत म्हणत राहिलो.

६

मंगळवारी खोलीत आवाज नव्हता. बुधवारीही नाही. गोदावरी खुर्चीत बसे, भिंतीवर उजेड हले, आणि शांततेला कोणतेच माप नसे. ती जुनीच शांतता होती, चौथ्या मजल्यावरची.

गुरुवारी तपासणीचा दिवस. कासीमने पोती ओढली: एक, दोन. आणि वल्हे उचलले.

मी त्या दोन पोत्यांकडे पाहत राहिलो. सगळे जसे असायला हवे तसे होते. उतारू दोन, पोती दोन, तळाचे पाणी सपाट. महिनाभर मी नेमके हेच मागत होतो. गोदावरीचा हात फळीवर चाचपडत होता, जेथे कोणी नव्हते तेथे. चढताना तिने कासीमचा हात धरला होता.

“काय केलंत, गुरुजी?” कासीमने हळूच विचारले.

मला सांगायची लाज वाटली.

संध्याकाळी बजाबाईंना सांगितले. त्या कुंपणापलीकडे मेथी निवडत होत्या. ऐकून घेतले आणि काड्या बाजूला टाकीत म्हणाल्या, “तुमी मानसाला बोलाय शिकवता, का परीक्षा घेता वो?”

“मला तिचे भले हवे होते.”

“व्हय, पर तुमच्या हातनं. दुसऱ्याच्या हातनं झालेलं तुमाला चालंना.”

“ती कोण आहे, बजाबाई?”

“मला काय ठावं? मला दिसती तरी कुटं? मी आपली एक वाटी जास्त घालती. रिकामी परत येती.” त्यांनी मेथीची जुडी माझ्याकडे सरकवली. “कुनाच्या जाग्यावर बसलं, तर उठावं मानसानं. चुकलं म्हनावं. मास्तर असला म्हनून काय झालं?”

७

शुक्रवारी तीन वाजता मी बाक पुसून खुर्चीसमोर ठेवला, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ. चित्रांचे पत्ते पेटीत टाकले. मग उंबऱ्यावर उभा राहिलो. क्षमा मागण्यासाठी मी आदल्या संध्याकाळपासून वाक्ये जुळवली होती. त्यांत कर्ता, कर्म सगळे जागच्या जागी होते. रिकाम्या बाकासमोर त्यांतले एकही तोंडातून निघेना.

“चुकलो,” मी म्हणालो. “तिला एकटी टाकू नका.”

अंगणाचे दार अर्धे ओढून मी बाहेरच्या पायरीवर बसलो. अंगणापलीकडे पाणी होते, आणि त्यावर रोहितांचा एक लांबट गुलाबी पट्टा निश्चल उभा होता. साडेतीन झाले. चार झाले. रविवार दीड दिवसावर आला होता. आता बोलली नाही, तर सामान बांधायचे होते, आणि त्या सामानात मला तिला बांधायचे होते, शब्दांविना, कायमची.

मग पक्षी उठले. सगळे एकदम, काठाकडच्या बाजूने काही येत असावे तसे. आवाज मात्र पंखांचाच. ते वर्तुळ घेऊन पुन्हा पाण्यावर बसले. अंगणातल्या धुळीत माझ्यासमोरून गारवा गेला. माठाजवळून कोणी जाताना लागतो, तेवढाच. मी पायरीवर एका बाजूला सरकलो. का सरकलो, ते मला विचारू नये.

दाराच्या फटीतून मला फक्त भिंत दिसत होती. भिंतीवर उजेडाच्या लाटा. त्या लाटांत गोदावरीच्या मस्तकाची सावली होती, खाली वाकलेली. आणि तिच्यासमोर, बाकाच्या उंचीवर, दुसरी. केसांचा अंबाडा, निमुळता खांदा. इतकेच. त्या सावलीचा हात उचलला गेला, आणि लहान मुलाला बोलते करताना हनुवटीला बोट लावतात, तसा तो पुढे आला. गोदावरीची सावली वर झाली.

मी डोळे मिटले. जे माझे नव्हते, ते मला आणखी पाहायचे नव्हते.

शांतता. लांब शब्दाएवढी.

“आ... लीस,” गोदावरी म्हणाली.

८

शनिवारी देवयानीचा फोन आला. “बाबा, बांधाबांध झाली का?” मी उत्तर शोधीत होतो. मागच्या खोलीतून काठीचा आवाज आला. गोदावरी स्वतःच्या पायांनी माझ्यापर्यंत आली आणि डावा हात पुढे केला. मी फोन तिच्या हाती दिला.

“देवू,” ती म्हणाली.

पलीकडून हुंदका आला.

“रडू नगं. मी... हितं बरी हाय. तू ये. राहायला ये. गाडी नगं आणू.” प्रत्येक शब्दाआधी ती थांबत होती, पण आता ते थांबणे तिचे स्वतःचे होते. ओबडधोबड, कधी छोटे, कधी विनाकारण लांब. मी ते ओळखले आणि भिंतीला टेकलो.

देवयानीने रडे आवरून विचारले, “आई, तिथे तुझ्याजवळ कोण असतं गं?”

गोदावरीने विचार केला. उत्तर तिला ठाऊक होते, असे तिच्या चेहऱ्यावरून दिसले. शब्द मात्र तिने वापरला नाही. “बाबा असत्यात,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. आजारापूर्वीची, माझी वाक्ये पळवणारी बाई त्या डोळ्यांत क्षणभर येऊन गेली.

तीन वाजले. ती मागच्या खोलीकडे वळली. मी नेहमीप्रमाणे पुस्तक उचलले. दाराशी ती थांबली.

“अहो,” ती म्हणाली. “आत या की. जागा हाय.”

मी आत गेलो. बाकाकडे पाहिले नाही. खुर्चीशेजारी जमिनीवर मांडी घालून बसलो, पहिलीच्या वर्गात बसतात तसा. भिंतीवर उजेड हलत होता. माझ्या डाव्या खांद्याशी गारवा होता आणि त्याला ओल्या मातीचा वास होता. मला भीती वाटत होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण उठावेसे वाटत नव्हते.

शांतता आली. एका शब्दाला पुरेल एवढी, मोजकी, धीराची. ती संपली, तरी गोदावरी काही म्हणाली नाही. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले आणि वाट पाहू लागली.

मला काहीही ऐकू आले नव्हते. मी तोंड उघडले.